हेल्स कॅन्यनमधली जुनी वस्ती: १६० एकर, एक ओढा आणि मेंढ्यांचं वर्ष

दरीपल्याड (धागालेखक)

आयडाहो आणि ऑरेगन या राज्यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या स्नेक नदीने कोरलेली ही दरी. आयडाहोच्या बाजूला सेव्हन डेव्हिल्सची रांग आहे, तिचं सर्वांत उंच शिखर 'ही डेव्हिल' (He Devil), उंची ९,३९३ फूट. तिथून खाली नदीपर्यंतचा उतार जवळजवळ ८,००० फुटांचा. नदीकाठी वर्षाला बारा-पंधरा इंच पाऊस, तोही बहुतेक हिवाळ्यात आणि वसंतात. काठावर सलग सपाट जमीन नाही. मधूनच एखादा 'बार' लागतो, म्हणजे नदीने टाकलेल्या गोट्यामातीचा पट्टा. पिट्सबर्ग लँडिंग, कर्कवुड बार, डग बार ही त्यातली नावं. जिथे बार आणि बाजूने येणारा बारमाही ओढा एकत्र आले, तिथेच कुणीतरी घर बांधलं. बाकी दरी मोकळीच राहिली.

१८६२ च्या होमस्टेड कायद्याबद्दल मराठीत जे लिहिलं जातं त्यात 'सरकारने १६० एकर फुकट दिली' यावर गोष्ट संपते. १६० एकर म्हणजे ६,४०० गुंठे, आपल्याकडच्या शेतकऱ्याला ते संस्थान वाटेल. पण या दरीत १६० एकर कोरड्या उतारावर चार-पाच गाईसुद्धा वर्षभर पोसणं कठीण. मग लोक तिथे टिकले कसे? माझ्या मते ते टिकले कारण त्यांचा रँच, म्हणजे जनावरं पाळायची जागा, त्या १६० एकरांत नव्हताच. कागदावर घेतलेली जमीन ही ओढ्याचं पाणी हातात ठेवण्याची किल्ली होती. खरा रँच आडवा नव्हे, उभा होता, नदीपासून शिखरापर्यंत, आणि जनावरं वर्षभर त्या उंचीवर चढत-उतरत असत.

जमीन निवडण्याची रीतही यातूनच आली. सरकारी मोजणीत एक चौरस मैलाचे १६ तुकडे पडतात, प्रत्येकी ४० एकरांचे, पाव मैल बाजूचे. चौरस १६० एकर घ्यायलाच हवेत असं नव्हतं. चार तुकडे एकमेकांना लागून असले की झालं. दरीतले लोक ते एकापुढे एक, ओढ्याच्या कडेने लावत. मैलभर लांब आणि चारशे मीटर रुंद अशी पट्टी. ओढ्याच्या मुखापासून वरपर्यंत पाण्याला जाण्याची वाट आपल्या ताब्यात आली की मागचं हजारो एकर सरकारी कुरण आपोआप आपल्यालाच वापरता येई, कारण दुसऱ्याच्या जनावरांना प्यायला जागाच उरत नसे.

पाणी, कुंपण, मेंढ्या, वाहतूक यातलं जे ज्याला बारकाईने माहीत असेल त्याने लिहावं.

जुनीकागदपत्रं

कायद्याची बाजू मांडतो, कारण 'होमस्टेड कायदा' हा एकच कायदा नव्हता आणि दरीत नेमका कुठला वापरला यावर बरंच अवलंबून होतं.

१८६२ चा मूळ कायदा: १६० एकर, पाच वर्षं वास्तव्य, राहतं घर आणि मशागत. अर्जदार कुटुंबप्रमुख किंवा २१ वर्षांवरचा हवा. एकट्या स्त्रीला, विधवेलाही अर्ज करता येई. १८७७ चा डेझर्ट लँड कायदा: ६४० एकरांपर्यंत, एकरी २५ सेंट आधी आणि १ डॉलर शेवटी, पण तीन वर्षांत पाणी जमिनीवर आणून दाखवायचं. दरीत ६४० एकर भिजवण्याइतकी सपाटी कुठे मिळायची? १९०६ च्या फॉरेस्ट होमस्टेड कायद्याने राखीव जंगलातला शेतीजोगा तुकडा, चौकोनी मोजणीत न बसणारा वेडावाकडासुद्धा, मागता येऊ लागला. अरुंद बारसाठी हे सोयीचं होतं.

१९१२ मध्ये मुदत पाचावरून तीन वर्षांवर आली आणि वर्षातले पाच महिने बाहेर राहायची मुभा मिळाली. पण त्याच कायद्यात एक पाचर होती: दुसऱ्या वर्षी एक षोडशांश आणि तिसऱ्या वर्षी एक अष्टमांश जमीन लागवडीखाली हवी. १६० एकरांवर म्हणजे १० आणि २० एकर. कित्येक बार असे की एकेका बारवर वीस एकर सपाट जागा निघत नाही. ही अट कमी करून घ्यायला वेगळा अर्ज करावा लागे.

१९१६ चा स्टॉक-रेझिंग कायदा खास कुरणांसाठी आला. ६४० एकर, नांगरटीची अट नाही, त्याऐवजी एकरी सव्वा डॉलरच्या कायम सुधारणा, म्हणजे पूर्ण तुकड्यावर ८०० डॉलरचं कुंपण, विहीर, गोठा वगैरे. भूगर्भातली खनिजं मात्र सरकारकडेच राहिली.

शेवटच्या पुराव्याची रीत अशी: स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, तीत चार साक्षीदारांची नावं, त्यातल्या दोघांची प्रत्यक्ष साक्ष. घराचं माप, खिडक्या-दारं, किती एकर नांगरली, किती दिवस बाहेर होता, सगळं विचारलं जाई. दरीत शेजारी पाच-सात मैलांवर. साक्षीदार गोळा करून जमीन कचेरीपर्यंत नेणं हे एका हंगामाचं काम होऊन बसे. शिवाय सरकारी मोजणी झालेली नसेल तर पक्का अर्जच होत नाही. म्हणून दरीत आधी वस्ती आणि बऱ्याच वर्षांनी कागद, हा क्रम नेहमीचा.

सातबारा_वाचक

दोन प्रश्न. समोर एवढी मोठी नदी असताना ओढ्याच्या पाण्यावर सगळी भिस्त का? आणि पाण्याचा हक्क जमिनीबरोबर आपोआप मिळायचा का?

पाटकरी

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. नाही मिळायचा. आयडाहोत पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा आहे आणि 'आधी वापरला त्याचा हक्क आधी' या तत्त्वावर चालतो. १८९० च्या राज्यघटनेतच ते आहे. पाणी वळवून उपयोगात आणलं की त्या तारखेचा हक्क लागतो. टंचाईत सगळ्यांचं पाणी सारखं कमी होत नाही. सर्वांत नव्या तारखेवाल्याचा पाट आधी बंद होतो. म्हणून बारवर पाय ठेवल्यावर घराच्या आधी पाट खणणारे शहाणे.

नदी का नाही? कारण ती खाली आहे. बार पाण्यापासून दहा-वीस मीटर उंच. पाणी उपसायला इंजिन हवं, इंजिनाला इंधन हवं, आणि दोन्ही खेचरावरून आणायचं. ओढ्याचं पाणी स्वतःच्या वजनाने येतं. हिशोब बघा. ओढा दर १५ मीटरला १ मीटर उतरतो असं धरा. त्याच्या कडेने ३०० मीटर वर गेलात की तुम्ही २० मीटर उंचीवर पोचलात. तिथून पाट काढला आणि त्याला ५०० ला १ असा उतार दिला, तर परत ३०० मीटर येताना जेमतेम ६० सेंटीमीटर उंची खर्च होते. म्हणजे ओढ्याच्या मुखापेक्षा १९ मीटर उंच असलेला बार भिजला. सगळी करामत या दोन उतारांच्या फरकात आहे.

उतार धरायला दुर्बीण लागत नाही. लाकडी 'ए' आकाराची चौकट, दोन पायांत ५ मीटर अंतर, शेंड्यावरून ओळंबा. आधी सपाट जागी चौकट उभी करून, मग तिचे पाय उलटसुलट ठेवून आडव्या पट्टीवर मध्याची खूण करायची. नंतर खालच्या बाजूच्या पायाला १ सेंटीमीटर जाडीची चकती ठोकायची. ओळंबा मध्यावर आला की ५०० ला १ उतार मिळाला. प्रत्येक पावलावर खुंटी मारत डोंगराच्या अंगाने जायचं. घाई करून उतार जास्त दिला तर पाणी तळ खरवडतं आणि पाट दरवर्षी खोल जात शेवटी कडेने फुटतो. कमी दिला तर गाळ बसतो आणि पाणी काठावरून ओसंडतं. डोंगरउतारावर ओसंडलेला पाट एका रात्रीत दहा मीटर काठ घेऊन खाली जातो.

किती पाणी? आयडाहोत रूढ माप 'मायनर्स इंच', घनफूट-सेकंदाचा पन्नासावा भाग, मिनिटाला सुमारे ३४ लिटर. एकरी एक इंच हा ठोकताळा. दहा एकर लसूणघासाला दहा इंच, म्हणजे सेकंदाला साडेपाच-पावणेसहा लिटर. एवढ्याला तळाशी ३० सेंटीमीटर रुंदीचा पाट पुरतो, पाणी त्यात ८-१० सेंटीमीटर खोल वाहतं. पण नवा मातीचा पाट पाणी पितो. गोट्यांच्या जमिनीत पहिल्या हंगामात मुखाशी दुप्पट सोडावं लागतं, तेव्हा खोली ३० तरी ठेवावी. गाळ बसत गेला की गळती आपोआप कमी होते.

पाट जिथे निघतो तिथे ओढ्याला पूर्ण बांध घालू नये. दगड आणि झुडपांचा तिरपा अर्धबांध, आणि पाटाच्या पहिल्या वीस-तीस मीटरमध्येच एक सांडवा, जादा पाणी परत ओढ्यात जाण्यासाठी. सांडवा नसेल तर पहिल्या ढगफुटीत सगळा पूर पाटाने शेतात येतो.

कड्यावर खणता येत नाही तिथे लाकडी पन्हाळ. इंचभर जाड आणि बारा इंच रुंद तीन फळ्या, खाली तिकाटणी. ती बंद हंगामात वाळते, फळ्यांच्या सांध्यात फटी पडतात, मग गळणारं पाणी तिकाटण्यांच्या पायाची माती धुऊन नेतं आणि पूर्ण लांबी कोसळते. उपाय साधा: खरं पाणी सोडण्याआधी आठवडाभर बारीक धार चालू ठेवायची, लाकूड फुगतं, मग सांधे डांबराने भरायचे. वरून दगड घरंगळत असतील तिथे पन्हाळीवर झाकण.

आणि रोज फावडं घेऊन पाटावरून एक फेरी. गोफर नावाचा उंदरासारखा प्राणी काठात बिळं करतो. बोटाएवढी गळती सकाळी दिसली तर मूठभर चिकणमातीत भागते, संध्याकाळपर्यंत तिथे भगदाड असतं.

सातबारा_वाचक

हे फारच उपयोगी. वाचनखूण साठवली. लसूणघास इतक्या लांब कशासाठी? हिवाळ्यात जनावरं दरीतच चरत होती ना?

लोकर_आणि_लोणी

चरत होती, म्हणूनच दरीला मोल होतं. नदीकाठ साधारण साडेतीनशे मीटर उंचीवर, हिवाळा वरच्या पठारांच्या मानाने सौम्य, दक्षिणेकडच्या उतारांवर बर्फ टिकत नाही. पठारावर गाईमागे दोन टन वाळलं गवत साठवावं लागतं तिथे दरीत त्याच्या थोड्या भागात निभावतं. पण वाईट वर्ष येतंच. १८८९-९० च्या हिवाळ्यात वायव्य अमेरिकेतल्या कुरणांवर प्रचंड जनावरं मेली, कारण मोकळ्या चराईवर भरवसा ठेवून गंजी रचलीच नव्हती. दरीतली दहा एकर लसूणघास ही दुभत्या गाई, कामाचे घोडे, विणाऱ्या मेंढ्या आणि अशा एखाद्या फेब्रुवारीसाठी.

कापणी फुलोरा सुरू होताच, दहात एका काडीला फूल दिसलं की. उशीर केला तर काडी जाड होते आणि पानं गळतात, पोषण सगळं पानात. ओलसर गवत गंजीत रचलं तर आतून तापतं, कुजतं, कधी पेटही घेतं. मूठभर गवत पिळून बघायचं. काडीच्या सालीखाली ओल लागली तर अजून एक दिवस. भुकेलं जनावर दहिवर पडलेल्या हिरव्या लसूणघासात सोडलं की पोटफुगी. डावी भकाळी ढोलासारखी होते, तासाभरात जनावर जातं. आधी कोरडं गवत पोटभर घालून मगच सोडायचं.

गोटेबांधणी

कुंपणावर लिहितो. बेसॉल्टच्या या उतारावर खांबासाठी खड्डा खणता येत नाही, पहारीचं टोक वाकतं. म्हणून तिथे 'रॉकजॅक'. ओंडक्यांचा तीन-चार फूट चौरस पिंजरा, वर निमुळता, आत तळाशी आडव्या काठ्यांचा माचा, आणि त्यावर दगड. दगडांचं वजन खांबाचं काम करतं. माचा जमिनीपासून वीतभर वर हवा आणि चारही पाय सपाट दगडांवर, नाहीतर ओलीने लाकूड आठ-दहा वर्षांत कुजतं. नीट बसवलेले रॉकजॅक ऑरेगनच्या बाजूच्या वॉलोवा भागात अजून उभे दिसतात.

ते कुठे ठेवायचे हे अंतरापेक्षा उतार सांगतो. प्रत्येक कोपऱ्यावर, दोन्ही टोकांना, आणि जिथे उतार बदलतो तिथे. मधल्या अंतरात नुसत्या उभ्या काठ्या तारांना बांधायच्या, जमिनीत न रोवता. घळीवरून तार नेताना उलटा त्रास होतो: ताण दिला की तार वर उचलते आणि खालून वासरं निघून जातात. घळीच्या मध्यावर तारेला मोठा दगड टांगायचा, तो तिला खाली धरतो. पूर आला की दगड तारेसकट हलतो, पण तार तुटत नाही. वरच्या उंचीवर, जिथे सहा-सात फूट बर्फ पडतं, तिथे काठ्या तारेच्या फासात अडकवतात, म्हणजे शरद ऋतूत कुंपण आडवं पाडून ठेवता येतं. उभं ठेवलं तर बर्फ खचताना तारा तोडतं.

चार तारा गाईंना थांबवतात. मेंढ्यांना नाही. म्हणून मेंढ्यांच्या रँचवर कुंपण फक्त शेत आणि बागेभोवती, बाकी सगळं काम माणूस आणि कुत्रा करतात.

दरीपल्याड

गोटेबांधणी, अनेक आभार. घराची जागा हा विषय सुटलाय म्हणून थोडक्यात. ओढ्याच्या मुखाशी जो पंख्यासारखा सपाट भाग असतो तो दिसायला सर्वांत सुंदर आणि सर्वांत धोक्याचा, कारण तो ओढ्यानेच पुरात दगड-माती टाकून बनवलेला असतो. वणवा लागून गेलेल्या उतारावर उन्हाळी ढगफुटी झाली की पुन्हा तेच. घर पंख्याच्या कडेला, जुन्या झाडांच्या ओळीत, आणि नदीच्या पुररेषेच्या वर. जून १८९४ मध्ये स्नेक आणि कोलंबियाला जो पूर आला तो पुढे मोजपट्टी झाला. लाकूड फार नाही, पाइन वरच्या बाजूला. म्हणून नदीने वाहून आणलेले ओंडके, दगडी जोतं, आणि फळ्या बाहेरून.

चारचौघी

बाहेरून म्हणजे कसं, हेच लिहायला आले. नदीमार्गाने आयडाहोतल्या लेविस्टन गावाहून मेल-बोट. कर्कवुड बार लेविस्टनपासून नदीने सुमारे ८० मैल. प्रवाहाविरुद्ध, खडकाळ वेगवान पाण्यातून, उथळ बुडाची बोट. वर येताना पीठ, मीठ, टपाल, जाताना लोकर. १९३० च्या दशकात कर्कवुडला जॉर्डन कुटुंब मेंढ्यांचा रँच चालवत होतं. त्यातले लेन जॉर्डन पुढे आयडाहोचे गव्हर्नर झाले (१९५१-५५) आणि नंतर सिनेटर. आज ती जागा ऐतिहासिक रँच म्हणून जपली आहे, घर बघता येतं.

बोटीआधी, आणि बोट न पोचणाऱ्या ठिकाणी, खेचर. एका खेचरावर ७० ते ९० किलो. दोन्ही बाजूंचं वजन समान हवं. किलोभराचा फरकही चढावर खोगीर एका बाजूला ओढतो, पाठ सोलवटते आणि ते खेचर पंधरा दिवस कामातून जातं. मऊ सामान आत, कडक बाहेर, अवजड वस्तू खाली. फळ्या दोन्ही बाजूंना, पुढची टोकं वर बांधून, मागची मोकळी. आठ-दहा फुटांपेक्षा लांब फळी वळणावर कड्याला अडते आणि जनावराला दरीत ढकलते. गवत कापायचं यंत्र सुटं करून: पात्याची पट्टी एकावर, चाकं दुसऱ्यावर, मधला दांडा तिसऱ्यावर. बोल्ट आणि चकत्या एका पिशवीत शिवून, यादीसकट. एक पिन हरवली तर सगळं यंत्र पुढच्या फेरीपर्यंत लोखंड.

नदीकाठची_माणसं

धाग्यात एक गोष्ट आलीच पाहिजे. 'बाकी दरी मोकळीच राहिली' हे वाक्य मला खटकलं. दरी मोकळी नव्हती, मोकळी केली गेली. हे इथल्या मूळ रहिवासी नेझ पर्स लोकांचं हिवाळी घर. पिट्सबर्ग लँडिंगला त्यांच्या वस्तीच्या खुणा आहेत. हिवाळ्यात दरीत, उन्हाळ्यात उंच कुरणांवर, हा फेरा त्यांचाच, आणि घोड्यांचे व गाईंचे मोठे कळप त्यांनी याच गवतावर पोसले. १८६३ च्या तहाने वॉलोवासकट बहुतेक भूमी काढून घेतली, जो तह त्यांच्यातल्या जोसेफ या प्रमुखाच्या गटाने कधी मानला नाही. मे १८७७ मध्ये अमेरिकी सैन्याच्या जनरल हॉवर्डने तीस दिवसांत निघून जा असं फर्मावलं. त्यांनी डग बारपाशी, वसंतातल्या पुरात, बायकापोरं आणि कळप घेऊन स्नेक ओलांडली. कितीतरी जनावरं वाहून गेली. होमस्टेडवाले आले ते त्यानंतर.

आणि मे १८८७ मध्ये याच दरीत डीप क्रीकपाशी सोनं धुणाऱ्या चिनी मजुरांची कत्तल झाली. मृतांचा आकडा ३४ पर्यंत सांगितला जातो. कुणालाही शिक्षा झाली नाही.

दरीपल्याड

तुमचं बरोबर आहे, 'मोकळी' हा शब्द तिथे चुकीचा होता. संपादनाची वेळ गेल्यामुळे इथेच नोंदवतो. आणि तुमच्या मुद्द्याने मूळ विधान पक्कं होतं: उंचीवर चढ-उतार करत जगायचं हे तंत्र नव्या लोकांनी शोधलेलं नाही, ते तिथे पिढ्यान् पिढ्या होतं.

लोकर_आणि_लोणी

मेंढ्यांचं वर्ष आता सविस्तर.

मेंढ्यांचा गर्भकाळ १४७ ते १५० दिवस. दरीत गवत मार्चमध्ये फुटतं, म्हणून कोकरं मार्चअखेरीस हवीत तर मेंढे ऑक्टोबरअखेरीस सोडायचे. सपाटीवर शंभर मेंढ्यांना दोन मेंढे पुरतात, इथे तीन, कारण कळप घळींमध्ये विखुरतो.

विणीच्या वेळी कळपाचे दोन भाग. अजून न व्यालेल्यांचा कळप रोज थोडा पुढे सरकवत न्यायचा. व्यालेली मेंढी आणि कोकरू जिथे असतील तिथेच मागे राहतात. त्यांना हलवायचं नाही. पहिल्या काही तासांत वास ओळखण्याआधी हाकलली तर आई कोकराला टाकते. मग एकेक जोडी मिळवत पाच-दहाची टोळी, मग पन्नासाची, शंभराची, तीनशेची, आणि महिन्याभराने हजार मेंढ्या अधिक कोकरं असा पूर्ण कळप. घाईने मोठी टोळी केली की कोकरं हरवतात आणि भुकेने मरतात. कोकरू मेलेल्या मेंढीला पोरकं कोकरू लावायचं तर मेलेल्याची कातडी सोलून पोरक्याला बंडीसारखी घालतात. शेपटीकडचा भाग नीट झाकला पाहिजे, आई तिथेच हुंगते. दोन-तीन दिवसांनी काढायची, उन्हाळा असेल तर आधी, नाहीतर माश्या बसतात.

कातरणी मे महिन्याच्या आसपास. एका मेंढीची लोकर चार किलोच्या आत-बाहेर. मोठ्या पोत्यात पस्तीस-चाळीस मेंढ्यांची लोकर पायांनी तुडवून भरतात, दीडशे किलोच्या घरात. म्हणजे हजार मेंढ्यांमागे पंचवीस-तीस पोती. लोकर ओली असताना कातरू नये, भरू तर मुळीच नये; पोत्यात तापते आणि पिवळी पडते. गाठोडी कागदी सुतळीने बांधायची. घायपाताची सुतळी वापरली की तिचे तंतू लोकरीत मिसळतात, त्यांना रंग चढत नाही, आणि गिरणी भाव पाडते.

मग चढण. गवत जसं वर हिरवं होत जातं तसा कळप त्याच्या मागे. जुलै-ऑगस्ट सेव्हन डेव्हिल्स किंवा वॉलोवाच्या उंच कुरणांत, सप्टेंबरअखेर खाली. कळपामागे एक मेंढपाळ, दोन कुत्री, आणि आठवड्याने खेचरांवरून शिधा व मीठ आणणारा दुसरा माणूस. आयडाहोत यात बास्क लोक (स्पेन-फ्रान्सच्या सीमाभागातून आलेले) पुष्कळ होते. मीठ मेंढीमागे महिन्याला पाव किलो धरलं तरी हजारांना २५० किलो, तीन खेचरांचं ओझं. ते पाण्याजवळ ठेवायचं नाही, धारेवर ठेवायचं. नाहीतर कळप ओढ्याला चिकटून बसतो, तिथलं गवत मुळासकट जातं आणि वरचं उभं राहून वाळतं.

विषारी वनस्पती दोन लक्षात ठेवाव्या. डेथ कॅमस: कांद्यासारखा कंद, पण कांद्याचा वास नाही, वसंतात गवताआधी हिरवा होतो, मेंढ्यांना घातक. आणि लार्कस्पर, जो मुख्यतः गाईंना मारतो. भुकेला कळप अशा जागेतून नेला की मरतो, पोट भरलेला बहुधा निभावतो.

शेळीपालन_नवखा

आपल्याकडच्या धनगरांचा फेरा पावसामागे पूर्व-पश्चिम, यांचा बर्फामागे खाली-वर, हे आता नीट कळलं. खरुजेचं काय करत? एवढ्या मोठ्या कळपात एकेक पकडून औषध लावणं शक्य नाही.

लोकर_आणि_लोणी

बुडवून. चुना-गंधकाचा काढा. अमेरिकी कृषी खात्याचं जुनं प्रमाण: कळीचा चुना ८ पौंड, गंधकाची भुकटी २४ पौंड, पाणी १०० गॅलन. म्हणजे ३.६ किलो, ११ किलो, ३८० लिटर. चुना विरवून त्यात गंधक कालवायचं, ३० गॅलन पाण्यात कमीत कमी दोन तास उकळायचं, गंधक वर दिसेनासं होऊन रंग काळपट तपकिरी होईपर्यंत. मग निवळू द्यायचं आणि फक्त वरचं स्वच्छ पाणी घेऊन १०० गॅलन करायचं. खालचा गाळ हौदात गेला तर लोकर जळते. हौद कोमट, मेंढी दोन मिनिटं आत, डोकं एकदा तरी बुडवायचं. दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा, कारण पहिल्या वेळी अंडी मरत नाहीत, आणि नवे किडे अंडी घालण्याआधी गाठावे लागतात. परतलेला कळप जुन्या वाड्यात बसवला तर सगळी मेहनत वाया.

पाटकरी

मेंढ्या विरुद्ध गाई हा वादही आयडाहोत कायद्यापर्यंत गेला. घरापासून दोन मैलांच्या आत दुसऱ्याच्या मेंढ्या चारायच्या नाहीत, असा राज्याचा कायदा होता. १९०७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. म्हणजे दरीत घर असणं हीसुद्धा भोवतालच्या कुरणावरची पकड होती. मूळ लेखातला मुद्दा इथेही लागू.

गवताळ

एवढं सगळं चांगलं चाललं होतं तर गवत का गेलं, हे सांगितल्याशिवाय चित्र अपुरं राहील.

हिशोब आधी. दुभती गाय-वासरू महिन्याला सुमारे ८०० पौंड कोरडा चारा खातात. पाच मेंढ्या म्हणजे एक गाय. एकरी ६०० पौंड गवत निघालं आणि निम्मं राखलं, तर ३०० हाती. महिन्याला गाईमागे सुमारे २.७ एकर. ६४० एकरांवर वर्षभर वीस गाई. वीस गाईंवर कुटुंब चालत नाही, म्हणून प्रत्येक जण निम्मं राखायचं सोडून देतो, आणि सरकारी कुरणावर तर राखून ठेवलेलं शेजारी खातो. १९०६ मध्ये वनखात्याने चराईशुल्क आणि परवाने सुरू केले. दरीच्या मोकळ्या जमिनींवर मात्र १९३४ चा टेलर ग्रेझिंग कायदा येईपर्यंत अडवणारं कुणी नव्हतं.

इथलं मुख्य गवत ब्लूबंच व्हीटग्रास. झुपक्याने वाढणारं, बहुवर्षायू. सुप्तावस्थेत, म्हणजे हिवाळ्यात, भरपूर चरू दिलं तरी चालतं. पण वसंतात कणसं पोटरीत असताना त्याचा वाढीचा कोंब जमिनीपासून वर आलेला असतो. तेव्हा तोडलं तर पुन्हा मुळापासून उभारी धरायला ओल शिल्लक नसते. आणि विणीनंतर मोठे कळप दरीत असतात ते नेमके याच आठवड्यांत. सलग काही वसंत असं झालं की झुपका मरतो. मोकळ्या जागी चीटग्रास शिरतं, युरेशियातून आलेलं एकवर्षायू तण. शरदात उगवतं, जूनमध्ये वाळतं, कुसळं मेंढीच्या डोळ्यात आणि हिरड्यांत रुततात, आणि वाळलेला थर पेट घेतो. वणव्याने उरलेले झुपके जातात, चीटग्रासचं बी टिकतं.

जाणत्या मेंढपाळांची रीत म्हणून अशी होती: वसंतात दक्षिण उतार आधी, एका जागी दोन-तीन रात्रींपेक्षा जास्त मुक्काम नाही, उत्तर उतार उशिरासाठी राखून, आणि यंदा पोटरीत चरलेला उतार पुढच्या वसंतात शेवटी. अशा राखलेल्या उतारांवर ब्लूबंच अजून आहे.

सातबारा_वाचक

एक शेवटचं. हजार मेंढ्या आणि तितकीच कोकरं, अशा उतारावर रोज मोजत कशी असतील?

लोकर_आणि_लोणी

रोज मोजत नाहीत. शंभर पांढऱ्या मेंढ्यांत एक काळी ठेवतात, आणि काहींच्या गळ्यात घंटा. हजारांच्या कळपात दहा काळ्या आणि ठरलेल्या घंटा भरल्या तर कळप पुरा धरायचा. मेंढ्या एकट्या क्वचित भरकटतात, टोळीने जातात, आणि मोठी टोळी गेली तर तिच्यात एखादी काळी असण्याची शक्यता खूप. नऊ दिसल्या तर त्याच संध्याकाळी मागच्या घळीत जायचं, सकाळपर्यंत थांबायचं नाही. रात्रीत कायोटी (लांडग्यासारखे छोटे शिकारी प्राणी) पोचतात. पूर्ण मोजणी फक्त अरुंद फाटकातून, दोन-दोन किंवा तीन-तीनच्या गटाने, दर शंभराला काठीवर एक खाच. कातरणीला, कुरणावर चढताना आणि उतरताना. आणि बोटीवर कोकरं चढवताना खरेदीदाराचा माणूस शेजारी उभा राहून स्वतःची वेगळी मोजणी करतो.

चारचौघी

बोटीवर कोकरं नेत ती उन्हात नाही, पहाटे चढवत. लोकरीची पोती मात्र आधी बुडाशी, सपाट, म्हणजे बोट खाली बसते आणि वेगवान पाण्यात स्थिर राहते. पोत्यांखाली फळ्या घालून तळाच्या पाण्यापासून बोटभर वर. भिजलेलं पोतं लेविस्टनला वेगळं काढत आणि त्याचा भाव वेगळा लागे.

दरीपल्याड

पन्हाळीच्या तिकाटण्या आणि रॉकजॅकची मापं आणखी कुणाकडे असतील तर याच धाग्यात टाकावीत, नवा काढू नये. बागेबद्दल, म्हणजे दरीतल्या जर्दाळू-पीचच्या झाडांबद्दल, पाटकरींनी वेगळं लिहावं ही विनंती. त्या झाडांना पाणी त्याच पाटाचं, पण पाळी वेगळी होती.

पाटकरी

लिहितो. थोडक्यात इथेच: फळझाडांना दहा-बारा दिवसांनी खोल पाणी, खोडापासून हातभर लांब आळं करून, लसूणघासाला प्रत्येक कापणीनंतर. ऑगस्टअखेर बागेचं पाणी तोडायचं, म्हणजे कोवळी फूट थांबते, लाकूड पिकतं आणि पहिल्या कडाक्यात फांद्या करपत नाहीत. पानगळ झाल्यावर एक भरपूर पाणी, मग पाट कोरडा करून मुखाशी फळी ठोकायची. पाटात पाणी राहिलं आणि गोठलं तर काठ फुगून ढिला होतो, आणि मार्चमध्ये पहिल्याच पाण्याला तो तिथूनच फुटतो.